बोरीच्या पानावरचं मीम

रझिया होडेकर मला पहिल्यांदा दिसली ती माझ्याच खुर्चीत बसलेली. स्टाफरूमच्या खिडकीजवळची, वारा येणारी ती एकच खुर्ची, आणि ती माझी, हे सगळ्यांनी कधीचं मान्य केलेलं. तिथे तासिका तत्त्वावर नव्यानं आलेली ही प्राणिशास्त्राची बाई आरामात बसून कसलीशी पानं उजेडाला धरून बघत होती. मी मराठी शिकवते, टोमण्यांची मला टंचाई नसते. म्हटलं, "मॅडम, भाजी निवडून झाली की सांगा." तिनं मान वर केली आणि अगदी साळसूदपणे म्हणाली, "झालीच, ताई. पण प्रत्येक पानात अळी आहे. चालेल ना?"

त्या दिवसापासून आमचं जमलं. खुर्ची मात्र मी दिली नाही. तिनं शेजारी एक स्टूल ओढून घेतलं आणि पुढची सगळी वर्षं त्या स्टुलावर काढली. दर जूनला कॉलेज तिला नव्यानं नेमायचं आणि दर जूनला ती स्टूल पुसून बसायची.

चाळिशी उलटलेली, काटकुळी, चष्मा डोळ्यांवर कमी आणि कपाळावर जास्त. लग्न केलं नव्हतं. का, असं मी एकदा भोचकपणे विचारलं तर म्हणाली, "मला बघायला आले होते त्यांना मी माझ्या पाली दाखवल्या." खरंच दाखवल्या असणार. राजिवड्यात खाडीच्या अंगाला त्यांचं घर. घरात धाकटा भाऊ मुझम्मिल आणि त्याची बायको महरीन. वडील फार पूर्वी गेलेले, आई मरियमबी अलीकडे. मुझम्मिल दहावी झाल्यावर बोटीवर गेला, इंजिनरूममध्ये. मग कुवेत. त्याच्या जिवावर आपण एम.एस्सी. झालो, हे रझिया कोणी विचारो न विचारो, सगळ्यांना सांगायची. त्यात तिला कसलाही कमीपणा वाटत नसे. मला तर कधी कधी वाटायचं, ती पदवी ती त्याच्याच नावानं लावते.

मुझम्मिल कुवेतहून परत आला तो दोन्ही मूत्रपिंडं निकामी होऊन. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका मासळीच्या शीतगृहात थोडे दिवस मशीन सांभाळली, पुढे तेही झेपेना. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो दारातल्या बाकावर बसून पाण्याचा पेला बघत होता. दिवसभराचं पाणी मोजूनमापून मिळायचं, म्हणून एकेक घोट पिण्याआधी त्याच्याकडे बघून घ्यायची त्याला सवय लागली होती. मला म्हणाला, "टीचर, बसा. आपा तुमची खुर्ची मागते म्हणं." भावाबहिणीचा स्वभाव एकच.

आता खरी गोष्ट.

आईच्या कबरीवर फातेहा वाचायला मुझम्मिल दर जुम्म्याच्या नमाजानंतर कबरस्तानात जायचा. त्यांच्याकडे बायका आत जात नाहीत, तो तिथला रिवाज. त्यामुळे आईची कबर कशी आहे, तिच्यावर गवत किती वाढलंय, दगड खचला की काय, हे सगळं रझियाला तोच येऊन सांगायचा. एका शुक्रवारी तो येऊन बाकावर बसला आणि खिशातून बोरीचं एक पान काढून त्यानं बहिणीच्या हातात ठेवलं.

"आपा, ह्ये वाच."

पानावर पांढरी रेघ होती. वर एक छोटासा गोल आणि गोलातून खाली उतरलेली शेपटी. अरबी अक्षरं ओळखणारं पोरही सांगेल, ते मीम होतं. आपला म.

"अम्मीच्या उशाशी जी बोर हाय ना, तिच्या सगल्या पानांवर हाय," मुझम्मिल म्हणाला. "दुसऱ्या कंच्या झाडावर नाय. मी फिरून बघितलं."

"मग?"

"मग काय? मीम. मुझम्मिल. अम्मीनं मना बोलवलंन."

हे रझियानं मला मंगळवारी स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा मला आधी हसू आलं. तिला आलं नाही. कारण सोमवारी डायलिसिसला जायची वेळ झाली तरी मुझम्मिल बाकावरून उठला नव्हता. आणि बुधवारीही, ती म्हणाली, उठेल असं वाटत नाही. बोलावणं आलं आहे, तर मशीन कशाला, असं त्याचं साधं म्हणणं. तो रडत नव्हता, चिडत नव्हता. उलट बऱ्याच दिवसांनी शांत दिसत होता. महरीन मात्र पदराचा बोळा तोंडात कोंबून स्वयंपाकघरात रडत होती. मोहल्ल्यात कोणाला सांगायचं नाही, असं त्यानं दोघींना बजावलं होतं. "उद्या फोनवर फोटू फिरतील आनि कबरस्तानाबाहेर रांग लागंल. अम्मीला गर्दी आवडत नाय."

रझियाला ते काय आहे हे बघताक्षणी कळलं होतं. शेतकरी जिला नागअळी म्हणतात त्यातला प्रकार. पतंग पानावर अंडं घालतो, अंड्यातून निघालेली अळी थेट पानाच्या दोन पदरांमध्ये शिरते आणि आतला गर खात पुढे सरकते. ती जाईल तिथे पांढरी वाट पडते. हे तिनं भावाला सांगितलं, पान भिंगाखाली धरून दाखवलं. पांढऱ्या वाटेच्या मधोमध एक काळी बारीक रेघ होती. "ही शाई नाही. ही तिची विष्ठा आहे."

"तोबा," मुझम्मिल म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "पन मीमच का? अलिफ का नाय?"

आणि इथे रझिया अडकली. कारण तिनं दुपारी शहरातल्या बोरी पालथ्या घातल्या होत्या. पानं पोखरणाऱ्या दुसऱ्या अळ्या सापडल्या, त्यांच्या रेघा कशाही वेड्यावाकड्या. असा गोल करून मग सरळ उतरणारी एकही नाही. घरी येऊन तिनं सगळे शोधनिबंध चाळले, बाहेरच्या एका तज्ज्ञाला फोटो पाठवले. त्याचंही उत्तर आलं की बोरीवर अशी वाट कोणी नोंदवलेली त्याला ठाऊक नाही, जात नवीन असू शकेल. कुठल्याही संशोधकानं हे वाचून उडी मारली असती. रझियानं ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. खोटं बोलता येत नसे तिला, तिनं ते भावाला जसंच्या तसं सांगितलं.

"बघ," मुझम्मिल म्हणाला. "किताबात पन नाय."

मी तिला म्हटलं, "अगं, दे ना थाप मारून. कुठल्या पुस्तकात आहे म्हणावं." तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी माझा चहा मुकाट्यानं प्यायले.

मग तिनं भावाशी सौदा केला. तिला त्याचा स्वभाव माहीत होता. तो इंजिनावरचा माणूस. कुठलाही आवाज कुठून येतो हे शोधल्याशिवाय त्याला झोप लागायची नाही. ती म्हणाली, "लिहिणारा मी तुला पकडून दाखवते. तोवर डायलिसिस सोडायचं नाही. लिहिणारा सापडला नाही, तर तुझं खरं." मुझम्मिलनं बराच वेळ पेल्याकडे बघितलं आणि म्हणाला, "चालंल." बुधवारी तो आपण होऊन रिक्षात जाऊन बसला.

आता हे पकडणं म्हणजे अळी पकडणं नव्हे. अळ्या तर सगळ्यांच्या सारख्याच दिसतात. तिचा पतंग व्हायला हवा. पान खुडलं की वाळतं, ओलं ठेवलं की बुरशी धरतं, आणि अळी आत मरते. पान आणायचा तो मुझम्मिल. दर जुम्म्याला आईच्या उशाची बोर हळूच खुडायची, पिशवीत पानं भरायची, आणि वर कबरस्तान साफ करणाऱ्यांना सांगायचं की ही बोर तोडू नका, आमच्या आपाला औषधाला लागते. पहिल्या डब्यातली पानं काळी पडली. दुसऱ्या खेपेला अळ्या पानातून बाहेर पडल्या, कारण कोष करायला त्या खाली मातीत उतरतात. पण डब्याच्या झाकणाला सुटलेल्या घामाच्या थेंबात सगळ्या बुडाल्या. मुझम्मिल तर गंभीरच झाला. म्हणाला, लिहिणारा दिसायचा नाय बहुतेक.

त्यावर महरीन पहिल्यांदा बोलली. ती सांदणं उकडत होती. "आपा, मी झाकनाला फडका बांधते तसा तुमी पन बांधा की. पानी पडत नाय मग." बांधला. घरात आता एक डबा सांदणांचा आणि एक अळ्यांचा, दोन्हींना सारखाच फडका. मी गेले की उघडायच्या आधी विचारून घ्यायची.

होळीच्या सुमारास एका दुपारी रझियाचा मला फोन आला. पतंग निघाला, एवढंच म्हणाली. मी वर्ग सोडून राजिवड्याला गेले. खुर्चीवरून भांडणारी मी, त्या दिवशी उभ्याउभ्या दीड तास सूक्ष्मदर्शकाशेजारी थांबले. नुसत्या डोळ्यांनी तो पतंग म्हणजे डब्यात पडलेला धुळीचा कण. आणि भिंगाखाली बघितला तर पंखांवर कासवाच्या पाठीसारखी सोनेरी झाक, आणि डोक्यावर चक्क नारिंगी केसांचा झुपका.

मुझम्मिलनं डोळा लावला. हातानं टेबल घट्ट धरलं होतं. मग म्हणाला, "मेंदी लावलीय रे ह्यानं. आपल्या मोहल्ल्यातल्या नाखवा चाचासारखी." आणि तो हसायला लागला. सुजलेला, पिवळा पडलेला माणूस, पण हसला की बहिणीसारखा दिसायचा. "येवडासा जीव. ह्येनं लिवलंन?"

"यानंच," रझिया म्हणाली.

तरी तो पुरता सुटला नव्हता. पुढच्या महिन्यात रझिया एसटीनं दाभोळला मावशीकडे गेली आणि बंदराजवळच्या एका बोरीची पानं घेऊन आली. त्यांच्यावरही मीम. गोल आणि शेपटी, हुबेहूब. मुझम्मिलनं पानं हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "मंग अम्मी दाभोलला कोनाला बोलवतेय?"

महरीन हसली, रझिया हसली, तो हसला. त्या हसण्यात ती गोष्ट संपली. रझियानं मला सांगितलं, "ताई, सुटला एकदाचा." आणि स्टाफरूममध्ये, सगळ्यांच्या देखत, ढसाढसा रडली. मी उठून तिला माझी खुर्ची दिली. तेवढी एकदाच.

त्यानंतर तो दोन वर्षं जगला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे रझियाला त्याचा विसर पडला. दोन वर्षं तो डायलिसिसला गेला, परत आला, बाकावर बसला, महरीनशी भांडला, क्रिकेट बघितलं, आणि बहिणीला पानं आणून दिली. आता भीतीनं नव्हे, हौसेनं. नवीन जातीचं वर्णन करणं म्हणजे काय चिकाटीचं काम असतं हे मी तेव्हा पाहिलं. नर पाहिजे, मादी पाहिजे. केसापेक्षा बारीक टाचण्यांनी ते टोचायचे. पोटाचा भाग औषधात शिजवून, त्यातले डोळ्यांना न दिसणारे अवयव वेगळे करून काचेवर चिकटवायचे, कारण दोन जातींतला खरा फरक तिथेच कळतो. रझियाचे हात थरथरले की मुझम्मिल म्हणायचा, "श्वास सोडून मंग हात लाव, आपा. इंजिनातला नोझल पन असाच काढतात."

नावावरून भांडण झालं. तिला त्याचं नाव द्यायचं होतं. तो ऐकेना. "जित्या मानसाचं नाव किड्याला? लोक काय म्हनतील? होडेकर किडा?" मग अम्मीचं देऊ या. त्यालाही नकार. शेवटी त्यानंच तोडगा काढला. "मीमच ठेव ना. त्यात मी पन आलो, मरियम पन आली." आणि जरा थांबून, मिश्कीलपणे, "मौत पन आली. कोनाची तक्रार नको." तेच ठेवलं. लॅटिन नावात दुसरा शब्द, नुसता मीम.

निबंध पाठवला, परत आला, दुरुस्त्या सुचवल्या, पुन्हा पाठवला. असं चालू असताना एप्रिलमध्ये मुझम्मिलच्या हातातली डायलिसिसची शीर बंद पडली. दुसरी करून पाहिली, मग तीही. मग ताप. डॉक्टरांनी चांगल्या शब्दांत सांगितलं की आता घरी न्या. बाकावर बसणंही संपलं. आतल्या खोलीत खाटेवर तो पडून असायचा, आणि रझिया त्याच्या उशाशी बसून निबंधातल्या चुका तपासायची. मी दोनदा जाऊन आले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा मला म्हणाला, "टीचर, छापून आलं की आपाला खुर्ची द्या."

तो मंगळवारी दुपारी गेला.

मी पोचले तेव्हा अंगणात पुरुष जमले होते आणि आत बायका. मय्यतीला आंघोळ घालायच्या पाण्यात बोरीची पानं उकळतात. कोणीतरी भारा आणून दारात ठेवला होता, कुठल्या बोरीचा ते मी विचारलं नाही. चुलीजवळ रझिया बसली होती. ती एकेक पान उचलत होती, उजेडाकडे धरत होती, आणि पातेल्यात टाकत होती. शेजारच्या बाईला वाटलं, निवडतेय. "चांगली हायत गो सगली, टाक," असं ती म्हणाली. मी जवळ बसले. बऱ्याच पानांवर मीम होतं. काही पानांत अजून अळी हलत होती, ते मलाही आता ओळखता येत होतं. रझियानं एकही बाजूला ठेवलं नाही. सगळी उकळत्या पाण्यात टाकली, हात धुतले, आणि पातेलं बाहेर द्यायला सांगितलं. जनाजा उठला तेव्हा ती दारापर्यंत गेली. पुढे जायचा प्रश्न नव्हताच.

निबंध ऑगस्टमध्ये छापून आला. वर्तमानपत्रात बातमी आली, कॉलेजच्या फलकावर तिचा फोटो लागला. आमच्या मुलींना वाटलं मॅडमनी पतंगाचं नाव फोनवरच्या विनोदी चित्रांवरून ठेवलं. "मॅडम किती कूल," असं एकमेकींना सांगत होत्या. मी वर्गात चांगलीच हजेरी घेतली, अक्षर कशाला म्हणतात इथपासून. रझियाला कळलं तर म्हणाली, "राहू द्या ताई. त्याला आवडलं असतं."

सप्टेंबरमध्ये सभागृहात सत्कार झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. प्राचार्य बोलले, संस्थेचे एक पदाधिकारी बोलले आणि पतंगाला दोनदा फुलपाखरू म्हणाले. मग मुलांना प्रश्न विचारायला सांगितलं. पहिल्या वर्षाची संस्कृती म्हणून एक चुणचुणीत मुलगी उठली. "मॅडम, हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं?"

"माझ्या भावाच्या," रझिया म्हणाली. "त्याला वाटलं, आमच्या आईनं लिहिलं."

सभागृह हसलं. वाईट मनानं नव्हे. सांगायची तऱ्हाच तिची तशी, आणि मुलांना वाटलं मॅडम गंमत करतायत. रझियाही हसली. मला मात्र ते हसू बघवलं नाही, कारण मी तिला खूप वर्षं बघत आले आहे.

परत जाताना आम्ही दोघी एका रिक्षात होतो. तिच्या मांडीवर शाल, शालीवर नारळ. गोगटे पुतळ्याचा... नाही, कुठला तरी चौक गेला, मला आठवत नाही, मी तिच्याकडेच बघत होते. ती समोर बघत म्हणाली, "ताई, शेवटच्या दुपारी त्यानं मला विचारलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही."

"काय विचारलं?"

"'आपा, तो किडाच होता ना?' एवढंच. मी निबंधाचे कागद खाली ठेवले. मला वाटलं, परत ते भूत मानगुटीवर बसलं. म्हटलं, किडाच रे. मी दाखवला नव्हता का तुला? दाभोळलाही होता. कोणी बोलावलं-बिलावलं नाही, अम्मीनं काही लिहिलं नाही. घाबरू नको." ती थांबली. "त्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, 'हां. तूच दाखवलंस.' आणि डोळे मिटले. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही, ताई. मला वाटलं, शांत झाला. चार महिने मी हेच धरून होते, की निदान शेवटी मी त्याची भीती घालवली."

मी म्हटलं, "घालवलीच की."

"परवा महरीन भांडी पुसता पुसता सहज बोलून गेली. त्या दिवशी सकाळी तो तिला म्हणाला होता म्हणे. 'जायाचं तर हायच आता. पन येकट्यानं कसं जायाचं ग? कोनी बोलवलंन पन नाय.'"

रिक्षा उतारावर लागली होती. मला तिचा हात धरायचा होता, पण मधे ती शाल आणि तो नारळ.

"किडा होता, ते खरंच आहे," रझिया म्हणाली. तिचा आवाज वर्गात शिकवतानाचा होता, तसाच सरळ. "ते मी कधीही, कुठेही सिद्ध करून दाखवीन. पण अम्मीनं बोलावलं नाही, हे मी कशाच्या जोरावर सांगितलं? ते मला कुठे माहीत होतं? मी पाच वेळा नमाज पढते, ताई. अम्मी त्याची वाट बघत असेल, असं मला स्वतःला वाटतं. रोज वाटतं. तो घाबरला नव्हता. मी काढून घेतलं होतं ते बोलावणं तो परत मागत होता. आणि मी त्याला पुन्हा एकदा नीट समजावून सांगितलं."